यशवंताच्या पोथीचं न लिहिलेलं पान

यशवंत गेल्याचा त्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षात अडकलो होतो. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मागे हॉर्न वाजत होते, रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता... आणि मी यशवंतकडेच निघालो होतो.

आम्ही दोघं मनमाडला रेल्वेच्या एकाच ऑफिसात कारकून. नाशिक रोडहून रोजचं जाणं-येणं सोबत. त्या प्रवासात तो गोष्टी रचायचा. हरवलेल्या पोथ्या, त्यांच्या मागावरची माणसं, लेण्यांच्या आडोशाला जमणारे गुप्त संघ... त्याच्या रहस्यकादंबऱ्यांची समीक्षकांनी कधी दखल घेतली नाही, पण वाचनालयात त्या पानं सुटी होईस्तोवर फिरायच्या. "हे खरं आहे का हो?" असं कुणी विचारलं की तो गंभीर चेहऱ्याने म्हणे, "सांगितलं तर मला संघातून काढतील."

शेवटची कादंबरी मात्र त्याच्या फार जिव्हाळ्याची होती. एका भिक्खूने लिहिलेली ताडपत्राची पोथी वाचवायची म्हणून तिची पानं वेगवेगळ्या घरांत वाटून दिलेली. दुसरं पान कुणाकडे आहे, हे कुठल्याच घराला ठाऊक नाही. पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहिलेली ही घरं अखेर एकत्र येतात आणि पोथी वाचायला बसतात... इथवर लिहून झालं होतं. पोथीत काय निघतं, ते त्याने मलाही सांगितलं नव्हतं. "आमच्या आजोबांना कुणी पोथीला हात लावू दिला नाही रे," तो म्हणाला होता, "म्हणून एक मीच लिहितोय. थांब थोडा."

आणि मग त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. एकच शब्द उरला, "हो". डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द ओठांवर येत नाहीत. मी शेजारी बसून विचारत राहायचो. "पोथी खोटी निघते का?" "हो." "मग खरी असते?" "हो." "कुणी जाळून टाकतं?" "हो..." डोळे मात्र नाही, नाही म्हणत असायचे. एकदा त्याने डाव्या हाताने पेन धरलं. कागदावर नुसत्या रेघा उमटल्या. त्याने त्या निरखून पाहिल्या, पेन भिरकावलं आणि लहान मुलासारखा रडला. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "भाऊजी, आता नका विचारू." त्यानंतर मी फक्त जाऊन बसायचो. तो माझ्याकडे बघत राहायचा. त्याच्याजवळ सगळं होतं, आणि मला त्यातलं काहीच काढून घेता येत नव्हतं.

आता प्रकाशक म्हणतात, शेवट तुम्ही लिहा. मी काय लिहू?

गेल्या रविवारी घरी गेलो, तर वहिनी खिडकीपाशी त्याच्या खुर्चीत बसून हस्तलिखित वाचत होत्या. जन्मभर संसाराच्या रगाड्यात त्यांना त्याचं एकही पुस्तक वाचायला सवड झाली नव्हती. "भाऊजी, सगळे जमलेत बघा," त्या म्हणाल्या. "त्यातल्या एका म्हातारीने पहिलं पान हातात घेतलंय." त्यांनी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती.

"पुढं काय होतं हो?"

त्यांनी थोडी वाट पाहिली, कागद पुन्हा सुलटा केला आणि ती शेवटची ओळ परत वाचू लागल्या... या वेळी जरा मोठ्याने.