कांताआत्याचा कान

अकरावीसाठी बेटम्याहून इंदूरला आलेली संबोधी पाटणीपुऱ्यात आत्याकडे राहायला लागली, तेव्हा तिथली कापडाची मिल बंद होऊन तीन वर्षं झाली होती. कांताआत्याने त्या मिलमध्ये, बॉबिनवर सूत भरायच्या खात्यात, बावीस वर्षं काढली होती. पण मिलचा विषय निघाला की ती उठून भांडी घासायला बसायची. आता ती जयसिंगरावांच्या टेंट हाउसच्या गोदामात फाटक्या कनाती आणि गाद्यांच्या खोळी शिवत असे.

शाळा सुटली की संबोधी तिचा डबा घेऊन गोदामात जायची. १९९४च्या ऑगस्टमधल्या एका दुपारी ती दाराशी पोचली आणि थबकलीच. चपलेखालची फरशी, हातातला डबा, बरगड्या, सगळं आतल्या आवाजाने थरथरत होतं. मैत्रिणीकडे केबलवर तिने लांब केसांचे गिटारवाले पाहिले होते. तेव्हा तिला ते नुसतं ओरडणं वाटलं होतं. आज तिला दारातून हलावंसं वाटेना.

आत चार मुलं होती. तिघं इंजिनिअरिंगची, आणि ड्रमवर नरेंद्र, आत्याच्याच मिलमधल्या एका फिटरचा मुलगा. त्यांना शहरात कोणी उभं करत नव्हतं. एका कॉलेजात तर दुसऱ्याच गाण्याला त्यांचा माइक बंद केला होता. चातुर्मासात लग्नं नसतात, गोदाम छतापर्यंत गाद्यांनी भरलेलं असतं आणि गाद्या आवाज पितात, हे नरेंद्रने हेरलं होतं. जयसिंगरावांची अट एकच होती, कांताबाईंची हरकत नको.

आत्या मुलांकडे पाठ करून शिवत बसली होती. गाणं संपल्यावर तिने दाताने दोरा तोडला.

"नरेंद्र, तुझा उजवा पाय मागे राहतोय."

"नाही काकी, टाइम बरोबर आहे."

"सुरू में बरोबर असतो. गाणं जोरात आलं नी, की पाय पिछडतो. देख एक बार."

गिटारवाला हसला. नरेंद्रने मात्र टेपरेकॉर्डरवर घेतलेलं गाणं पुन्हा लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि मान खाली घातली. आत्याचं खरं होतं.

"तुला कसं कळलं गं?" घरी जाताना संबोधीने विचारलं.

"खात्यात बाजूवालीचं बोलणं ऐकू यायचं नाही, इतका शोर असायचा. पण बॉबिन फिरवणारी एखादी चाती ढिली झाली की मला बसल्या जागी कळायचं, कोणती ते. आवाज मोठा असला तरी त्याच्या आत सगळं अलग अलग असतं, बेटा. कान दिला तर ऐकू येतं."

मिलबद्दल आत्या आपण होऊन एवढं बोलली, ही पहिलीच वेळ. संबोधी त्या रात्री बऱ्याच वेळाने झोपली.

त्यानंतर मुलं आत्याशिवाय वाजवेनात. ती पाठमोरीच बसायची. ठेका घसरला की सुईवाला हात वर करायची, आणि चौघं थांबायचे. संबोधीही तिच्याशेजारी बसून ऐकायला शिकली. आधी पायाचा ड्रम, मग त्याला धरून चालणारी जाड तारांची गिटार, मग वरचं सगळं.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी दुपारी मुलांनी गोदामातच कार्यक्रम ठेवला. पोस्टर नाही, तिकीट नाही; कॉलेजच्या कँटीनमधून कानोकानी खबर गेली आणि साठेक पोरंपोरी गाद्यांवर येऊन बसली. तिसरं गाणं चालू असताना शेजारचे अरविंदजी तणतणत आले. "कांताबाई, काय तमाशा आहे हा? मोहल्ला आहे का नाही?"

आत्या बाहेर आली. "भियाजी, मिल रात्रंदिवस चालत होती, तेव्हा तुमची नींद खराब झाली नाही. तीन साल झाले, भोंगापण नाही वाजत. ती शांती तुम्हाला गोड लागते का?"

अरविंदजींची दोन्ही भावंडं मिलमध्ये होती. त्यांनी घड्याळात पाहिलं. "पाच वाजेपर्यंत बंद करा," एवढं म्हणून गेले.

आणि तेवढ्यात वीज गेली. गिटारी मुक्या झाल्या, गायकाचा आवाज चार हातांवर विरला. नरेंद्रने काठ्या खाली ठेवल्या. पोरं चपला शोधायला लागली.

"तू कशाला रुकला?" आत्या दारातून म्हणाली. "तुला बिजली लागते का?"

नरेंद्रने तिच्याकडे पाहिलं आणि काठ्या उचलल्या. वीज येईपर्यंत, चांगली वीस मिनिटं, तो एकटा वाजवत राहिला. अर्धवट अंधारात साठ जणांच्या टाळ्या त्याच्या ठेक्यावर पडत होत्या. आत्या डोळे मिटून उभी होती, आणि तिचा हात एकदाही वर झाला नाही. संबोधीला वाटलं, इथे सगळ्यांत जास्त संगीत हिलाच कळतंय, पण हे चारचौघांत कोणी कधी म्हणणार नाही.

संबोधी मात्र इथे चुकली. डिसेंबरात बँडला देवासला बोलावणं आलं, तेव्हा नरेंद्र आत्याला न्यायला घरी आला. आत्याने टेंट हाउसमधून पहिल्यांदाच सुट्टी घेतली, ठेवणीतली निळी साडी नेसली, आणि सामानाच्या टेम्पोत पुढे बसली. देवासच्या आयोजकाने तिला स्टेजच्या पायरीशी अडवलं. "माताजी, आप किनके साथ?"

"हमारी उस्ताद हैं," नरेंद्र म्हणाला, आणि ड्रमशेजारी तिच्यासाठी खुर्ची मांडली.