खाली म्हणजे कुठे?

केशोरीच्या अल्काला बसता येत नसे, आणि त्यामुळे गावात तिचं फार नाव होतं. बुद्धविहारात पावसाळ्यातलं वर्षावासाचं वाचन सुरू झालं की बाकीच्या बाया चटईवर पाय पसरायच्या, ही मागे उभी राहून पाणी वाटायची. लग्नात पंगतीला बसायची नाही, वाढायलाच पुढे. "देवीदासची बायको एक घडी बसत नाई," म्हणून लोक आपापल्या सुनांना टोमणे मारत. बिचाऱ्या सुना! माणूस ज्या जागेवर बसतो त्या जागेच्या जरा पुढे अल्काला तिखटाचा हात लागल्यासारखी आग होती. नव्व्याण्णव साली धाकटी पोरगी झाली तेव्हापासून ती विझायला तयार नव्हती.

नवऱ्यालाही तिनं खरं सांगितलं नव्हतं. देवीदास जवळ आला की ती म्हणायची, डोकं दुखतंय. देवीदास भला माणूस. आधी त्यानं बाम आणला, मग तालुक्याला नेऊन तिला चष्मा करून दिला. दुखणं कुठलं आणि काच कुठे! पण चष्मा तिला शोभायचा, म्हणून तिनं तो ठेवून घेतला.

डॉक्टरांना मात्र तिनं सांगितलं, निदान तिच्या मते तरी. "खाली दुखते जी." आता खाली म्हणजे बाईच्या अंगात केवढा मोठा मुलूख! एकानं पाय दुखत असतील म्हणून कॅल्शियम दिलं. नर्सबाईंनी अंगावरून पांढरं जात असेल असं स्वतःच ठरवून मलमाची ट्यूब हातात ठेवली. शेजारणीनं फिटकरीच्या, म्हणजे तुरटीच्या, पाण्यानं धुवायला सांगितलं. त्यानं आग आणखी भडकली, तरी अल्का नेमानं धूत राहिली. फरशीचं फिनेल ओतलं नाही एवढंच नशीब. नऊ वर्षं अशी गेल्यावर एका खाजगी दवाखान्यात निकाल लागला: पिशवी काढून टाका. सोनोग्राफीत पिशवी ठणठणीत दिसत होती, पण दोन लेकरं झाल्यावर बाईला पिशवी हवी कशाला, असं त्या डॉक्टरचं म्हणणं. त्यानं ऑपरेशनसाठी गोंदियाच्या एका बाई डॉक्टरांकडे पाठवलं. अल्का मनात हिशेब करू लागली. पिशवी गेली आणि आग तशीच राहिली, तर हे लोक पुढे काय कापायला सांगतील?

सोबत सासू निघाली, अनुसयाबाई. हिच्या तोंडाला गाव भ्यायचं. हापशीवर नंबरावरून भांडण जुंपलं की समोरचीच्या सात पिढ्यांतल्या बायांच्या नेमक्या त्याच जागेचा ती नाव घेऊन उद्धार करायची. तो शब्द मी इथे लिहीत नाही. तुम्हाला तो पाठ आहे, उगाच साळसूद चेहरा करू नका. शिवी द्यायला तो सगळ्यांना चालतो, दुखणं सांगायला मात्र कोणाच्या तोंडून फुटत नाही.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "दर्द नेमका कुठे आहे?"

"खाली," अल्का म्हणाली.

"खाली मतलब?"

"खालीच जी. तिथं." अल्कानं हात पोटापासून गुडघ्यापर्यंत फिरवला.

"पोटात?"

"त्याच्या खाली."

"मांडीत?"

"त्याच्या वर."

अल्काला घाम फुटला, चष्मा नाकावरून घसरला. शेवटी डॉक्टरबाईंनी ऑपरेशनची तारीख बघायला कॅलेंडर ओढलं, तसा अनुसयाबाईचा धीर सुटला. "काऊन व, सांगत काऊन नाई?" असं सुनेवर ओरडून तिनं तो शब्द, हापशीवरच्याच आवाजात, डॉक्टरबाईंच्या तोंडावर टाकला. "तिथं आग होते तिले! पिशवी कायले कापून राहिल्या?"

बाहेरच्या बाकावरचे दोन नवरे उठून पान खायला गेले. डॉक्टरबाई मात्र दचकल्या नाहीत. "हां, आता समजलं," त्या म्हणाल्या. "इतने साल में तिथं कोणी बघितलं का?"

कोणीच बघितलं नव्हतं. त्यांनी अल्काला टेबलावर घेतलं, काडीला कापूस गुंडाळला आणि हलके हलके टेकवत विचारत गेल्या, इथे? इथे? एका ठिकाणी कापूस टेकला मात्र, अल्का किंचाळली, आणि मग हमसून हमसून रडली. कोणीतरी बरोबर जागा धरली, याचंच ते रडू होतं.

पिशवीला काही झालेलं नव्हतं. तिथल्या नसाच दुखत होत्या. जखम नाही, डाग नाही, तरी आग. ऑपरेशन रद्द झालं. डॉक्टरबाईंनी फिटकरी आणि साबण बंद केला, रोजची एक छोटी गोळी दिली, भीतीनं आवळून धरलेलं अंग सैल सोडायचे व्यायाम शिकवले. पुढच्या खेपेला देवीदासला बोलावून त्यालाही समजावलं. तो कान लाल करून ऐकत होता.

"मंग डोकं?" त्यानं बायकोला विचारलं.

"डोकं चांगलं हाये," अल्का म्हणाली.

सहाएक महिन्यांत आग निम्म्यावर आली. पुरती गेली नाही, पण अल्का जेवायला बसू लागली, देवीदासशी खोटं बोलेनाशी झाली. तपासणीला गेली तेव्हा अनुसयाबाई पुन्हा सोबत आली. खरं तर आता तिची गरज नव्हती. अल्का सगळं नावानिशी सांगत होती. तपासून झालं, अल्का खाली उतरली, चप्पल शोधू लागली. तेवढ्यात अनुसयाबाई लुगडं सावरत टेबलावर चढायला लागली.

"मामी, काय करून राहिल्या?" अल्कानं सासूला विचारलं.

"सरक तिकडं." मग छताकडे बघत, अल्कानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात ती म्हणाली, "बाई, माहाबी पाहून घ्या. चाळीस वर्सं झाले. मले वाटे, बाईले असाच राहते."