हार नसलेला फोटो

"देवा गेला रे..." सिद्धार्थदादाचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे गावातल्या माझ्या घरी सकाळचा चहा गाळत होतो. गाळणी हातातच राहिली. दादा फौजेतून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. धाकट्या भावाच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, एवढंच त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "येजो. पण फोटोसाठी हार नको आणू." दुसऱ्या कुणाला हे चमत्कारिक वाटलं असतं. मला वाटलं नाही, कारण तो हार मी बघितलेला आहे.

देवानंद, म्हणजे देवा, आणि मी सिंदी रेल्वे या गावी शाळेत एका वर्गात होतो. तो शाळेचा गोलकीपर, मी त्याच्यापुढचा फुलबॅक. म्हणजे उभी शाळा मी त्याच्या शिव्या खाण्यात काढली. त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "डावीकडं पाह्य बे! मांगं, मांगं! झोपला का?" हे तो अखंड ओरडायचा आणि चेंडू पलीकडच्या गोलात असला तरी ओरडायचा. पुढे तो सिंदीतच वायरमन झाला, मी वर्ध्यात नोकरीला लागलो, तरी ती सवय गेली नाही. माझ्याकडे आला की मी गाडी मागे घेताना फाटकाशी उभा राहून तसाच गरजायचा. शेजारचे खिडक्या उघडून बघायचे. माझी बायको म्हणायची, "भाऊजी, कॉलनी हाये ही, ग्राउंड नाई." त्यावर तो आणखी मोठ्यानं हसायचा. असा हा माणूस एकदाच, एका अख्ख्या सामन्यात, गप्प राहिला होता.

कारगिलची लढाई चालू होती तेव्हा. जवानांच्या कुटुंबांना मदत म्हणून वर्ध्यात फुटबॉलचा सामना ठेवला होता. जिल्हाभरातल्या शाळांमधून चांगली पोरं निवडून त्यांचे दोन संघ केले. सिंदीतून आम्हा दोघांची निवड झाली आणि आम्ही हवेत तरंगायला लागलो. आघाडीवर असलेल्या जवानांचे फोटो घरच्यांनी पाठवावेत, मैदानात मांडू, असाही निरोप आला. दादा तेव्हा तिकडेच होता. बरेच दिवस त्याचं पत्र नव्हतं. घरी त्यांची आई रेल्वेगाडीची शिट्टी झाली की दारात यायची, जणू पत्र इंजिनच घेऊन येणार होतं. देवानं भिंतीवरचा दादाचा वर्दीतला फोटो काढला, पेपरात गुंडाळला आणि पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन बसला. मला हातही लावू दिला नाही.

मैदानाच्या कडेला मांडवात टेबलावर पांढरी चादर टाकून फोटो मांडले होते. देवानं स्वतः दादाचा फोटो तिथं ठेवला आणि आम्ही कपडे बदलायला गेलो. मधल्या वेळात काय झालं ते नंतर कळलं. पाहुण्यांसाठी झेंडूचे हार आणले होते. पाहुणे कमी आले, हार उरले. एका वयस्क बाईंना वाटलं, देशासाठी लढणाऱ्या पोरांचा आधी मान. जवळच्या फोटोला त्यांनी मोठ्या भक्तीनं हार घातला. तो दादाचा होता. बाकीच्यांकडे वळणार तोच मंत्री की कोण आले म्हणून त्यांना हाक आली, आणि तेवढाच एक फोटो हार घालून राहिला.

जिवंत माणसाच्या फोटोला आपल्याकडे हार घालत नाहीत. देवानं मैदानात उतरताना तो पाहिला. मी पाहिला नव्हता. मला एवढंच कळत होतं की मागून आवाज येत नाहीये. पहिल्या भागात एक साधा, सरपटत आलेला चेंडू त्याच्या पायाजवळून आत गेला आणि लोकांनी हुर्यो उडवली. तो मांडवाकडे बघत होता. मध्यंतरात त्यानं पाणी घेतलं नाही. पण नंतर मात्र पिसाळल्यासारखा खेळला. पायांमध्ये काय, खांबावर काय, कुठेही अंग झोकून देत होता. कोपर सोलून निघालं. आम्ही एक गोल फेडला आणि बरोबरी झाली.

शिट्टी वाजली तसा तो तडक आमच्या खेळाच्या सरांकडे गेला. "सर, आता सांगा. दादा कधी गेला?"

सरांना काही समजेना. देवानं बोट दाखवलं. सर धावत गेले आणि तो हार त्यांनी तोडूनच काढला. "अरे येड्या, कोणतीच खबर नाई आली! खोटं हाये हे, खोटं हाये!" देवा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी म्हटलं, "मंग आधी विचारलं काऊन नाई बे?"

"विचारलं असतं तर खरं झालं असतं ना..."

पुढे दादाचं पत्र आलं, पुढे दादाच आला. पण देवाच्या मनातून तो हार गेला नाही. मौतीच्या घरी तो फोटोकडे पाठ करून बसायचा. "मी मेल्यावर माह्या फोटोले हार घालसान तर उठून येईन," असं म्हणायचा. आम्ही हसायचो. आता वाटतं, घालून बघावा. खरंच उठून येत असेल तर गाडीभर हार आणीन मी.

देवा गेल्यानंतरच्या जलदान विधीला बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, बाजूला देवाचा फोटो होता. लोक फुलं वाहून जात होते. एका मावशीनं विचारलंच, "फोटोले हार काऊन नाई गा?" दादा म्हणाला, "राहू दे मावशी."

परवा मी सिंदीला गेलो. भिंतीवर दादाचा तो जुना वर्दीतला फोटो आणि शेजारी देवाचा, दोन्ही कोरे, हाराविना. आम्ही बसलो होतो तेवढ्यात मीटर बघायला नवा माणूस आला. बिलावरचं नाव वाचून, फोटोकडे बघून म्हणाला, "हेच का देवानंदभाऊ? घरी हायेत का?"

"बाहेर गेला," दादा म्हणाला. "येईल."

माणूस निघून गेला. दादा उठला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यानं देवाच्या फोटोची काच पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी त्याले सांगणारं कोणीतरी होतं रे, खोटं हाये म्हणून... मी बी तसं सांगणाऱ्याची वाट पाहून राह्यलो."