भिंतीतले गोचीड

त्या वर्षी ऊसतोडीहून परतलो तेव्हा बैलांबरोबर गोचीडही घरी आले. कारखान्यावर सगळ्या टोळ्यांची जनावरं एकाच रानात बांधलेली, कुणाचे कुणावर चढले ते कळायला मार्ग नव्हता. शिरूर कासारजवळच्या आमच्या वस्तीवर सासूबाई एका गाभण गाईला सांभाळत मागं राहिल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. आम्ही बैल नेऊन त्या गाईशेजारीच बांधले. महिन्याभरात गाईनं चारा सोडला आणि एका सकाळी तिची लघवी लाल दिसली, ती बसल्या जागची उठेना.

आत्या म्हणाल्या, ऊन लागलं असेल, ताक पाजू. मी ऐकलं नाही, मालकांना, आत्यांच्या लेकाला, मोटारसायकलवर पिटाळून जनावरांच्या डॉक्टरांना आणवलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि गाईचा कान उलटा करून दाखवला. आत फुगलेले गोचीड चिकटले होते. ताप त्यांच्यापासूनच आला होता. मग त्यांनी काडी घेऊन गोठ्याच्या भिंतीतली भेग खरवडली, तसे तांबूस बारीक किडे वळवळत खाली पडले.

"अंगावर दिसतात ते थोडेच," डॉक्टर म्हणाले. "बाकीचे इथं आहेत. नुसत्या गाईला औषध लावून भागणार नाही. आणि शेजारच्यांनी काही केलं नाही, तर तुमचं केलेलं वाया जाईल."

आत्यांना ते लागलं. रोज सकाळी रॉकेलचा डबा घेऊन त्या एकेक गोचीड हातानं उपटायच्या. "मी काय आंधळी हाय का?" एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी गोठा रिकामा केला, जुनं गवत लांब नेऊन जाळलं, भेगा खरवडल्या. कोंबड्या आणि पाण्याचे हंडे दूर हलवल्यावर मालकांनी तोंड बांधून औषध फवारलं आणि वाळल्यावर आम्ही भेगा सिमेंटनं बुजवल्या. जनावरांना आधी पोटभर पाणी पाजलं, म्हणजे ती अंग चाटणार नाहीत, आणि मग डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं औषध लावलं.

राहिली वस्ती. पाण्याच्या टँकरवर मी बायकांना सांगितलं तर त्या हसल्या. गोचीड तर जनावराला असतंयच, म्हणाल्या. सगळ्यांत जास्त जनावरं वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या बागायतदारांची. ते पूर्वी सरपंच होते. त्यांच्या दारात मी मजुरीलाच जायची. त्या दिवशी मात्र त्यांच्यासमोर उभी राहून सगळं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी सासू तर हातानंच काढती की. तिला कसं जमतंय मग?"

तेवढ्यात मागून आत्यांचा आवाज आला. मला तिकडं जाताना पाहून त्या मागोमाग आल्या होत्या.

"मला जमलं न्हाई, म्हणून तर गाय पडली," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी जनावराकडं बघितलं, भिंतीकडं न्हाई. ही सांगती तसं करा."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण आत्या चारचौघांत माझ्या बाजूनं पहिल्यांदाच बोलल्या. मला रडू येईल असं वाटलं. तरी मान ताठच ठेवली.

पुढच्या रविवारी अख्ख्या वस्तीनं एकाच दिवशी गोठे झाडले, फवारले, जनावरांना औषध लावलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच केलं. अंगावर औषध नीट पोचत नाही अशा जागा, म्हणजे कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या घडीत, आत्यांनी तरण्या बायकांना दाखवल्या. गाय इंजेक्शननंतर आठवड्यानं उभी राहिली होती. पुढं ती व्याली तेव्हा वासरू अशक्त निपजलं, पण जगलं. दूध त्या वेताला कमीच निघालं.

आता कारखान्याहून आलेले बैल औषध लावून अंग साफ दिसेपर्यंत बाहेर बाभळीखाली बांधतो, गोठ्यात घेत नाही. आजूबाजूच्या वस्त्यांवरनं मला निरोप येतात, "बाई, जरा गोठा बघून जा." मागच्या महिन्यात त्याच बागायतदारांनी नवा गोठा बांधला आणि गिलाव्याआधी मला बोलावलं. फरशी आणि भिंत यांच्यात फट राहिली होती, ती मी दाखवली. गवंडी कुरकुरला. पण त्यांनी तेवढा भाग माझ्यासमोर फोडायला लावून पुन्हा करून घेतला.