थर्माकोलचं हिमशिखर आणि सहावा मजला

बहारीनमध्ये डोंगर नाही. एक टेकाड आहे, त्यालाच सगळे कौतुकाने डोंगर म्हणतात. गाडी जवळ लावायची, वर जायचं, फोटो काढायचा आणि थर्मासमधला चहा गार व्हायच्या आत परत यायचं. अशा या देशात आमच्या मंडळाने एका दिवसात बर्फाचं शिखर सर करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे अध्यक्षांनी ठरवलं, बाकीच्यांनी व्हॉट्सॲपवर अंगठे उठवले. मी उठवला नाही. हे आधीच सांगून ठेवते.

योजना अशी होती. सीफ भागातल्या एका उंच टॉवरचा जिना चढायचा आणि लिफ्टने खाली यायचं. पुन्हा चढायचं, पुन्हा लिफ्टने खाली. सगळ्यांनी चढलेले मजले एकत्र मिळवायचे आणि ती बेरीज हिमालयातल्या एका शिखराएवढी झाली की शिखर सर! सगळ्यात वरच्या मजल्यावर एक रिकामा हॉल होता. तिथे एसी सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवायचा आणि गेल्या गणपतीतला थर्माकोलचा कैलास पर्वत उभा करायचा. वर कापूस. पार्किंगमध्ये बेस कॅम्प, बेस कॅम्पवर पोहे. घोषवाक्य : 'चढेल तो घडेल'.

अध्यक्ष बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मूळचे पुण्याचे. कॉलेजात असताना हिमालयातल्या कुठल्याशा बेस कॅम्पपर्यंत जाऊन आले होते. तेव्हापासून ते तिथून पूर्णपणे खाली उतरलेले नाहीत. हळदीकुंकवाच्या भाषणातही त्यांचा तंबू वाऱ्याने उडतो.

आता मुद्द्यावर येते. हा टॉवर जी कंपनी सांभाळते, तीच कंपनी जिदहफ्समधली आमची इमारतही सांभाळते. टॉवरला चकचकीत लिफ्ट आहेत, आरसे लावलेल्या, गुळगुळीत. आमच्या इमारतीला एकच लिफ्ट, आणि ती रमजानच्या आधीपासून बंद. रमजान गेला, ईद गेली, उन्हाळा तापला. वॉचमनला विचारलं की तो हात हलवून म्हणायचा, "मफी लिफ्ट." लिफ्ट नाही, हे आम्हालाही दिसत होतं. कंपनीला फोन केला की उत्तर यायचं, पार्ट बाहेरून येतोय. इतके महिने येणारा पार्ट बहुधा पोहत येत असावा.

सहाव्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो. दादा, वहिनी आणि मी. दादा झल्लाकच्या समुद्रकाठच्या हॉटेलात शिफ्टवर, मी सीफमध्ये एका ऑफिसच्या अकाउंट्समध्ये. आणि वहिनीला आठवा महिना.

तपासणीला जाताना दादा एक प्लास्टिकचं स्टूल घेऊन तिच्या पुढे चालायचा. प्रत्येक मजल्यावर स्टूल ठेवायचं, वहिनीने बसायचं, श्वास घ्यायचा, उठायचं. उतरणं एक वेळ जमायचं, चढताना तिचे ओठ पांढरे पडायचे. शेवटच्या वेळी पाय इतके सुजले की डॉक्टरीणबाईंनी दादालाच झापलं. जिना बंद, आता एकदम बाळंतपणालाच खाली आणा, म्हणाल्या. पण ती वेळ काय फोन करून येणार होती? दादा झल्लाकला, मी सीफला, आणि कळा सुरू झाल्या तर तिने काय करायचं? गावी पाठवावं तर या दिवसांत विमानवाले घेत नाहीत. घर बदलावं तर करार मध्येच मोडता येत नाही. म्हणजे एक बाई, तिच्या पोटातलं बाळ, आणि दोघांच्या व जमिनीच्या मध्ये एक बंद लोखंडी दार. या सवालाचं उत्तर कोण देणार होतं?

मंडळाला आमची काळजी नव्हती असं म्हणणार नाही. बायकांनी डोहाळजेवण करायचं ठरवलं होतं. वहिनीला खाली उतरता येत नाही, म्हणून मी म्हटलं, तुम्हीच वर या. सचिवकाकू ओरडल्याच, "सहा मजले? बाई गं, माझे गुडघे!"

मग डोहाळजेवण व्हिडिओ कॉलवर झालं. वहिनी फुलांचे दागिने घालून, स्टीलच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलपुढे बसली. पलीकडे हॉलमध्ये बायकांनी तिच्या फोटोला ओवाळलं. मधूनमधून नेट जायचं आणि ओवाळणाऱ्या काकूंचा हात हवेत अडकून राहायचा. नंतर एक काका खालून पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आले. तिसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून त्यांनी मलाच खाली बोलावलं. वहिनी पोळी खाताना म्हणाली, "वन्सं, आरती झाली हो माझ्या फोटोची. आता हार तेवढा बाकी आहे."

मी हसले नाही. पंधराच दिवसांनी त्याच सचिवकाकूंनी हिमशिखरासाठी पहिलं नाव नोंदवलं. मी मंडळाच्या ग्रुपवर पत्रकच टाकलं. पुण्यात कॉलेजात असताना शेकड्याने पत्रकं लिहिली होती, हात तयार होता. 'ज्या कंपनीच्या जिन्यावर तुम्ही हौसेने चढणार आहात, तिच्याच जिन्याने एका गरोदर बाईला घरात कोंडलं आहे! हा उत्सव कसला? जाहीर निषेध!' दहा मिनिटांत ते पुसलं गेलं. खाली सूचना आली : या ग्रुपवर कृपया फक्त शुभेच्छा आणि कार्यक्रमाची माहिती द्यावी. त्याखाली कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन.

"हे बघ बाळ, तळमळ चांगली आहे. पण कंपनी आपली प्रायोजक आहे. हॉल फुकट, पाणी फुकट, टी-शर्ट फुकट."

"आणि लिफ्ट बंद, काका."

"ते वेगळं खातं असतं गं. प्रत्येक गोष्टीचं एक व्यासपीठ असतं."

"मग ते व्यासपीठ कुठंय, तेवढं सांगा."

मग त्यांना ती युक्ती सुचली, जी मराठी मंडळात बंडखोर माणसासाठी कायमची राखून ठेवलेली असते. "असं कर, आभारप्रदर्शन तू कर. भाषा छान आहे तुझी. पण आभारच हं, फक्त आभार."

ज्याला अध्यक्ष करायचं नसतं आणि घरीही पाठवता येत नाही, त्याला आपल्याकडे आभारप्रदर्शन देतात. कारण ते कुणी ऐकत नाही. आभारप्रदर्शन सुरू झालं की अर्धा हॉल ताटं घेऊन उभा असतो. मी लगेच हो म्हटलं.

शिखराचा दिवस उजाडला. बाहेर डांबर वितळत होतं आणि पार्किंगमध्ये आमची माणसं जाकिटं घालून पोहे खात होती. कुणी सुट्टीत मनालीला घेतलेली कानटोपी आणली होती, कुणी बर्फाची कुऱ्हाड म्हणून बार्बेक्यूचा चिमटा. यल्ला यल्ला करत पहिली तुकडी निघाली. अध्यक्षांनी नारळ फोडला, पाणी जिन्यावर सांडलं आणि पहिल्याच पायरीवर खजिनदार घसरले. मोहीम सुरू.

मला जिन्याचा त्रास झाला नाही. रमजानपासून पाण्याचे कॅन, किराणा, गॅसचं सिलिंडर, सगळं सहाव्या मजल्यावर नेऊन माझ्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. बाकीच्यांचं मात्र दुपारपर्यंत खलास झालं. कुणी मधल्या मजल्यावर 'कॅम्प टू' लावून बसलं. दोघं तरुण इंजिनिअर लिफ्टने वर जाऊन जिन्याच्या दारातून घामेजल्या चेहऱ्याने बाहेर येत होते, घाम बाटलीतला. बेरीज काही शिखराला पोचेना. तेव्हा अध्यक्षांनी जाहीर केलं की पर्वताची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, आणि मोहिमेत बेस कॅम्पपर्यंतची उंची गाडीनेच जायची असते, म्हणून ती वजा! टाळ्या झाल्या. शिखर अर्ध्यावर खाली आलं आणि आमच्या लोकांनी ते सर केलं.

सचिवकाकूंनी मात्र फसवाफसवी केली नाही, हे मी मानते. त्या खऱ्या चढल्या, एकदाच, पण वरपर्यंत. थर्माकोलच्या कैलासापाशी पोचल्या आणि कापसातच बसल्या. चेहरा लालबुंद. पाण्याची बाटली त्यांना उघडता येईना. मी उघडून दिली.

मग सत्कार. कंपनीच्या व्यवस्थापकांना शाल, श्रीफळ आणि 'आरोग्यमित्र' असं लिहिलेलं मानचिन्ह. ते हिंदी बोलणारे, हसतमुख, सूट घातलेले. मराठी भाषणांना अंदाजाने मान डोलवत होते. अध्यक्षांचा तंबू एकदा वाऱ्याने उडाला. मागे ताटांचा आवाज सुरू झाला आणि माझं नाव पुकारलं.

मी माइक घेतला. जिन्याचे आभार मानले, पोह्यांचे आभार मानले. मग म्हटलं, "जिदहफ्सच्या आमच्या इमारतीतली बंद लिफ्ट याच आठवड्यात सुरू करून देण्याचं साहेबांनी मनावर घेतलं आहे, त्याबद्दल मंडळ त्यांचं ऋणी आहे." त्यांनी असलं काही मनावर घेतलं नव्हतं. पण आभार मानल्यावर टाळी वाजवायची, ही आपली जुनी सवय. हॉलभर टाळ्या झाल्या. आपलं कौतुक चाललंय असं वाटून साहेबांनी उठून हात जोडले. मग तेच मी हिंदीतून सांगितलं. जोडलेले हात तसेच राहिले.

"इंशाल्ला," ते म्हणाले.

या शब्दाचा अर्थ उद्या असा होतो आणि कधीच नाही असाही होतो. मी माइकवरूनच म्हटलं, "इंशाल्ला नहीं साहब, दिन बताइए. छठी मंज़िल पर मेरी भाभी हैं. आठवाँ महीना है."

अध्यक्ष माझ्या कानाशी कुजबुजले, "बास. खाली ये."

तेवढ्यात कापसात बसलेल्या सचिवकाकू उठल्या. त्यांना उठायला दोघींनी धरलं. "सहावा मजला?" त्यांचा आवाज फुटला. "अगं, मी रिकाम्या अंगाने चढले तर जीव जायची वेळ आली! पोट घेऊन चढते ती पोर? रोज?"

"आता चढत नाही काकू. कोंडून बसलीय. म्हणून तर व्हिडिओवर डोहाळजेवण झालं."

काकूंचा चेहरा बघवेना. मग त्या सरळ साहेबांपाशी गेल्या, आणि त्यांच्यामागे ज्या ज्या बायका त्या दिवशी चार मजले तरी खऱ्या चढल्या होत्या, त्या सगळ्या गेल्या. साहेबांच्या खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात मानचिन्ह. त्यांना ना ताट धरता येईना, ना पळता येईना. "पार्ट आ रहा है," ते म्हणाले. एक काकू म्हणाल्या, "तो इस टॉवर की लिफ्ट का निकालके लगाओ. हमको तो जिना ही चढ़ना है!" शेवटी त्यांनी नारळ काखेत मारला आणि तिथेच फोन लावला.

चौथ्या दिवशी, दादा आणि मी दोघंही रजेवर घरी असताना, दोन मेकॅनिक आले. पार्ट बाहेरून आला नाही, बहारीनमध्येच होता. लिफ्ट सुरू झाली.

त्याच दुपारी ग्रुपवर अध्यक्षांचा निरोप आला : मंडळाच्या अविरत पाठपुराव्याला यश! सोबत त्यांचा आणि साहेबांचा थर्माकोलपुढचा फोटो. मी तणतणत वहिनीला तो दाखवायला गेले. "बघ! पाठपुरावा म्हणे! यांनी माझं पत्रक पुसलं, वहिनी, पुसलं! मी आता खरं काय ते सगळं लिहिते."

वहिनी पलंगावर बसून सुजलेल्या पायांत चपला सरकवत होती. "लिही नंतर. आधी ती पर्स दे."

"अगं, पण श्रेय..."

"असू दे त्यांना. तू बटण दाब."

दादाने कडी लावली. लिफ्टमध्ये नव्या तेलाचा वास येत होता. खाली येईपर्यंत वहिनीने एका हाताने भिंत आणि दुसऱ्याने माझं मनगट धरलं होतं. दार उघडलं तशी भट्टीसारखी हवा अंगावर आली. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. वहिनी दारात थांबली, उन्हाने डोळे बारीक केले आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिली.

दादा म्हणाला, "चल, आलीस ना खाली? चालतेय लिफ्ट. आता वर जाऊ, ऊन आहे."

"वर?" वहिनी म्हणाली. "गाडी काढा आधी. समुद्रापर्यंत जाऊन येऊ. एसी लावा आणि सावकाश चालवा, पण एवढ्यात वर नाही."