पाणपोईचं रिटर्न

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ऊन तापायला लागलं की मन जातं ते पिंपळगाव राजाच्या पाणपोईच्या चौकशीकडे. गुन्हा म्हणावा असं त्यात काही नव्हतं, तरी तीच आठवते.

तेव्हा मी त्या भागात ठाणेदार होतो. एका दुपारी ठाण्याच्या फोनवर कुणीतरी नाव न सांगता खबर दिली, "स्टँडवरच्या पाणपोईच्या ट्रस्टमंदी गडबड हाय. इन्कम टॅक्सचं रिटर्नच भरत नाहीत. गुरुजीले बोलवा अन् इचारा." रिटर्न हे पोलिसांचं काम नव्हे. पण लोकांच्या वर्गणीचा मामला, म्हणून स्टेशन डायरीत नोंद करून चौकशी लावली.

ट्रस्ट केवढा, तर ठेवीचं थोडंसं व्याज आणि बाजारातली वर्गणी. त्यातून रांजण आणि वाळा यायचा. चालवणारे दोघे बालमित्र. एक निवृत्त शिक्षक, ते गुरुजी. दुसऱ्यांचं कापडदुकान, त्यांना सारं गाव भाई म्हणे.

गुरुजी कागदपत्रं घेऊन तणतणतच आले.

"करपात्र उत्पन्नच नाही, तं रिटर्न काऊन भरू? सीएची फी पान्याच्या पैशातून देऊ?"

हिशेब चोख होता. भाईंनी तर तक्रार केली नसेल, असं विचारलं तेव्हा ते माझ्यावरच उखडले. "भाई? तो तोंडावर भांडते, साहेब. तो म्हने, उत्पन्न कमी असलं तरी भरा, उद्या कोनी बोट दाखवाले नोको. मी म्हटलं, नाही भरत. तवापासून बोलनं बंद. मी सकाळी रांजण भरतो, तो दुपारी भरते."



दुसऱ्या दिवशी भाईंना बोलावलं. गुरुजींनाही पासबुक घेऊन यायला सांगितलं होतं, पण ते भाईंना कळवलं नव्हतं. भाई आले ते इस्त्रीचा कुर्ता घालून, अत्तर लावून. चौकशीला येणारा माणूस रुमालाने मान पुसत येतो, अत्तर लावून येत नाही. त्यात बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "गुरुजी आले का?"

"फोन तुम्हीच केला ना, भाई?"

त्यांनी मान खाली घातली. "हो साहेब. मी बोलावलं तं येत नाही तो. पोलिसानं बोलावलं तं येनारच ना! एक डाव समोर बसला असता, बस."

खोटी खबर दिली म्हणून झापायला हवं होतं. माझ्याच्याने झालं नाही. गुरुजी आल्यावर दोघांना बाहेरच्या एकाच बाकावर बसवलं आणि जबाब लिहायला वेळ लागेल म्हणून सांगितलं. दोघे दोन टोकांना तोंड फिरवून बसले. मग भाई पुटपुटले, "रांजणाले ओलं पोतं गुंडाळत जा. पानी तापते." गुरुजी म्हणाले, "मले नोको शिकवू बे." आणि जे भांडण जुंपलं, ते ऐकायला हवालदारही हातातलं काम टाकून दारात आला.

मी खामगावच्या ओळखीच्या सीएंना फोन लावला. ते म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे. उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर भरायची सक्ती नाही. भरलं तर कागद साफ राहतात, व्याजातून कर कापला असेल तर तो परत मिळतो." गुरुजींनी तरीही ऐकलं नाही, तेव्हा रिटर्न भरलं नाही. पण दोघे ठाण्यातून गेले ते सोबतच, आणि रांजणही पुन्हा सोबतच भरू लागले.

निवृत्तीनंतर एकदा त्याच सीएंकडे माझ्या कामाला गेलो, तर बाकावर गुरुजी. फार थकले होते. भाई काही वर्षांपूर्वी वारल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. आतून सीए म्हणाले, "गुरुजी, दरवर्षी सांगतो, तुमच्या ट्रस्टला रिटर्नची सक्ती नाही. फीही तुम्ही खिशातून देता."

"मालूम हाय मले," गुरुजी म्हणाले. "पन तो भर म्हनत होता."

मग माझ्याकडे वळले. "नाही भरत म्हटलं, तं आता भांडाले कोन हाय, साहेब?"

माणसं ठाण्यात न्याय मागायला येतात, असं मी उभी नोकरी समजत होतो. कधी कधी ती नुसतं कुणाच्या तरी शेजारी बसायला येतात, हे मला त्या दोघांनी शिकवलं. मी गुरुजींच्या शेजारी बसलो. माझा नंबर आला, तरी उठावंसं वाटेना.