दुसऱ्या दिवसाचं रक्त

माहगुल पहिल्यांदा माझ्यासमोर बसली तेव्हा तिचा चौथा गर्भ पडून बारा दिवस झाले होते. तोंडावर रंग म्हणून नव्हता, पण बसली होती ताठ. तेहरानपासून फार दूर, खाश शहरातल्या एका लहानशा दवाखान्यात मी रक्त तपासायचं काम करते. तेव्हा मला तिथं सहा वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचे ते दिवस होते.

मी रिपोर्ट तिच्या हातात दिला. रक्त गोठायला लागणारा वेळ ठीक, पेशी ठीक, सगळं ठीक. तिनं कागद उलटासुलटा करून पाहिला.

"ताई, यात दुसरा दिवस कुठंय?"

मला कळेना. तिनं डाव्या हाताचं बोट पुढं केलं. माहगुल भरतकाम करायची. तफ्तान डोंगराच्या पायथ्याच्या चार गावांतल्या नवऱ्या मुलींच्या अंगरख्यांवर तिच्या हातचं काम असायचं. सुई टोचली की रक्त येतं आणि चुटकीसरशी थांबतं, अगदी इतर बायकांसारखंच, असं तिनं सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या, त्याच जागेतून पुन्हा वाहायला लागतं आणि मग कापडच्या कापड भिजतं. लहानपणी दात पडले तेव्हा हेच. तिच्या पाठच्या दोन भावांच्या नाळेतून असंच रक्त सुटलं आणि दोघंही चाळिसावा दिवस बघायच्या आत गेले. हे तिनं प्रत्येक डॉक्टरला सांगितलं होतं. सगळे कागद बघायचे आणि अशक्तपणाच्या गोळ्या लिहून द्यायचे.

"माझं रक्त थांबतं, पण टिकत नाही," ती म्हणाली. "तुम्ही थांबलेलं बघता आणि उठून जाता."

कॉलेजात शिकताना एक जुनी, साधी तपासणी वहीत उतरून घेतली होती, ती माहगुल गेल्यावर आठवली. करायची वेळ कधीच आली नव्हती. गोठलेल्या रक्ताची गुठळी युरियाच्या पाण्यात टाकायची आणि एक दिवस हात लावायचा नाही. चांगली गुठळी तशीच राहते.

मी तिला पुन्हा बोलावलं. एका नळीत तिच्या रक्ताची गुठळी ठेवली, दुसऱ्या नळीत माझ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बुरखाही न काढता आधी खिडकीपाशी गेले. माझी गुठळी तळाशी होती, आख्खी. माहगुलच्या नळीत नुसतं लालसर पाणी.

ती दुपारी आली. मी दोन्ही नळ्या तिच्यासमोर धरल्या. तिनं आधी नळ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पहिल्या भेटीत न रडलेली ती बाई तिथं स्टुलावर बसून रडली. म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

डॉक्टर सोहराबी तेव्हा नुकत्याच मशहदहून आल्या होत्या. त्यांनी नमुना तेहरानला पाठवला आणि उत्तर आलं: रक्त पक्कं करणारा तेरावा घटक जवळजवळ नाहीच. आमच्या भागात, एकाच घराण्यात लग्नं होतात तिथं, हा आजार जगात कुठं नसेल इतका आहे, असं त्या म्हणाल्या. माहगुलला समजावताना त्यांनी सांगितलं, की जखम झाली की आधी रक्तातल्या बारीक पेशी तिथं गोळा होऊन भोक बुजवतात. मग त्यांच्यावर धाग्यांचं जाळं विणलं जातं. आणि शेवटी हा तेरावा घटक येऊन ते धागे एकमेकांना घट्ट बांधतो.

"म्हणजे माझ्यात धावदोरा आहे, टीप नाही," माहगुल म्हणाली.

डॉक्टरबाईंनी आयुष्यभर यापेक्षा चांगलं सांगितलं नसेल.

औषध होतं. बाटलीतली पांढरी पूड पाण्यात मिसळून शिरेतून द्यायची, महिन्यातून एकदा. दिवस राहिले तर त्याहून लवकर. तिचा नवरा लालबख्श पिकअप चालवायचा. तो म्हणाला, औषध आणणं आणि टोचायला तुम्हाला गावी नेणं माझ्याकडं. अडचण होती ती तिच्या सासूची. हानीबीबी माहगुलची सख्खी आत्या. भाचीवर जीव होता, पण लेकाला दुसरी बायको करायचं तिनं मनात पक्कं धरलं होतं.

"रक्त काय बाटलीत मिळतं होय?" ती मला तोंडावर म्हणाली. "उद्या म्हणशील, पोरंही पुडीत येतात."

"येतील आत्या," माहगुल म्हणाली. "तू फक्त पाळणा तयार ठेव."

चार महिने इंजेक्शनं झाली आणि पाचव्या महिन्यात तिला दिवस गेले. तिसरा महिना सरला. प्रत्येक वेळी गर्भ गेला होता तो याच सुमारास. चौथाही सरला. आत्यानं दुसऱ्या बायकोचा विषय सोडला होता आणि ती माहगुलला पाण्याच्या हंड्याला हात लावू देत नव्हती.

सातव्या महिन्यात डोंगरावर जोराचा पाऊस झाला आणि माहगुलच्या गावाअलीकडची कोरडी नदी फुगली. इंजेक्शनला आधीच दोन दिवस उशीर झाला होता. लालबख्शच्या गाडीत मी आणि बर्फाची पेटी, आणि समोर चॉकलेटी पाणी. गाडी घालायची सोय नव्हती. पलीकडच्या काठावर गावातली माणसं उभी. पाणी ओसरेपर्यंत थांबा, असं कुणी कुणी ओरडून सांगत होतं.

त्यांच्यातून हानीबीबी पुढं झाली. सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि काठी टेकत पाण्यात उतरली. साठीची बाई. लालबख्श "आई, नको" म्हणेपर्यंत ती मध्यावर आली होती. शेळ्या कुठून पार नेतात ते तिला ठाऊक होतं. आमच्या काठावर येऊन तिनं पेटी डोक्यावर घेतली आणि दुसरा हात माझ्यापुढं केला.

"चल. पूड मी नेते, पण टोचायला तू लागशील."

कमरेएवढ्या पाण्यातून तिनं मला ओढत नेलं. इतकी घाबरले होते की कलमाही नीट आठवेना. तिची पकड मात्र एकदाही सैल झाली नाही. अर्ध्या तासात औषध माहगुलच्या शिरेत होतं, आणि आत्या चुलीपाशी कपडे वाळवत मलाच दटावत होती, की एवढी शिकलेली आणि पाण्याला भिते.

मुलगी झाली दवाखान्यात, भर दुपारी. डॉक्टरबाई, मी, औषध, सगळे तयार होतो. माहगुलला रक्त गेलं ते इतर बाळंतिणींना जातं तेवढंच. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. बाळाच्या रक्ताची गुठळी मी युरियात ठेवली. ती दिवसभर दगडासारखी तळाशी बसून राहिली. मी आत्याला तसं सांगितलं. तिनं मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही. घरी गेल्यावर ती नातीच्या नाळेवर पांढरं कापड बांधायची आणि दिवसातून दहादा सोडून बघायची.

आठव्या दिवशी नाळ सुकून गळाली. मी तिथंच होते. आत्यानं ते कापड उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि तशीच अंगणात गेली. शेजारच्या बायका जमल्या होत्या. तिनं कापड दोन्ही हातांत ताणून सगळ्यांसमोर धरलं. एक थेंब नव्हता. बायकांनी आनंदानं अशी काही आरोळी ठोकली की खालच्या बागेतले पिस्ते झोडणारे गडी धावत वर आले.

नात आता शाळेत जाते. गुडघे कायम फुटलेले असतात, आणि माहगुल त्यांच्याकडं बघतही नाही. तिला त्यानंतर एक मुलगाही झाला. आसपासच्या गावांत कुणाच्या बाळाची नाळ ओली राहिली की लोक आता आधी हानीबीबीला बोलावतात. ती येते, बघते आणि आईबापांना काही न विचारता बाळ उचलून लालबख्शच्या गाडीत बसते. आजपर्यंत तिनं माझ्याकडं अकरा आणली. अकराही जिवंत आहेत.